अनंत हट्टी नव्हता

अनंत गेल्याचा फोन आला तेव्हा रविवारचे साडेअकरा वाजले होते आणि मी औषधांचा डबा उघडून बसलो होतो. फोन त्याच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा, हॉस्पिटलमधून. "दत्ताभाऊजी, गेले हो हे..." एवढंच त्या बोलल्या. मी "येतो" म्हणालो, हातातली गोळ्यांची पट्टी खिशात टाकली, डब्याचं झाकण लावलं आणि चपला शोधू लागलो. त्याला आता सात आठवडे झाले.

मुलुंड पूर्वेला आमची चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली सोसायटी आहे. तिसऱ्या मजल्यावर समोरासमोरच्या दारांत अनंत पेडणेकर आणि मी चाळीस वर्षं राहिलो. तो विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर, मी स्टेशनजवळच्या एका मेडिकलमध्ये काउंटरवर. निवृत्त झाल्यावर मला गप्प बसवेना, म्हणून हा डबा सुरू केला. बिल्डिंगमध्ये कोणाचं दुखणं बरं झालं की उरलेल्या गोळ्या माझ्याकडे यायच्या, आणि दुसऱ्या कोणाला लागल्या की मी काढून द्यायचो. औषध फुकट जाऊ नये, एवढाच हेतू. उरलेल्या गोळ्या म्हणजे कोणीतरी अर्ध्यावर सोडलेला कोर्स, हे मला कळत नव्हतं असं नाही. नोकरीत असताना शेकडो गिऱ्हाइकांना "कोर्स पूर्ण करा बरं का" असं मीच बजावत आलो होतो. पण स्वतःच्या डब्याला तो नियम लावावा, हे कधी मनातच आलं नाही. लोक "काका, तुमच्यामुळे डॉक्टरचा फेरा वाचला" म्हणायचे आणि मला बरं वाटायचं.

दर रविवारी अनंत चहाचा कप घेऊन समोरून यायचा. "काय डॉक्टर, ओपीडी चालू?" माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून पट्ट्यांवरच्या तारखा तो वाचायचा. "तू नुसती मान हलव, मेल्या. वाचूक माका येता." मालवण सोडून त्याला साठ वर्षं झाली होती, पण माझ्याशी बोलताना तो हमखास तिथे जाऊन यायचा. त्याचा घसा वर्षातून तीन-चार वेळा धरायचा. एकाचा घसा धरला की आठवड्याभरात जिन्यातल्या आणखी दोन-तीन घरांतून खोकला ऐकू यायचा, आणि प्रत्येकाला मी अँटिबायोटिकची तीच तीन गोळ्यांची पट्टी द्यायचो. कधी तीन, कधी डब्यात असतील तेवढ्या दोन. अनंताला दोन दिवसांत बरं वाटलं की तो तिसरी गोळी प्रामाणिकपणे परत आणून द्यायचा. "ही घे, दुसऱ्या कोणाला होईल." आणि मी ती ठेवून घ्यायचो.

गच्चीवर त्याने तेलाच्या रिकाम्या डब्यांत अळू आणि कढीपत्ता लावला होता. एका सोमवारी त्या पत्र्याची कड त्याच्या नडगीला लागली. जखम ती काय, नखाएवढी. बुधवारी भोवती लाली आली, पाय गरम लागू लागला. अनंताने फिटरचं काम काढलं. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढली आणि स्टीलची पट्टी लावून मापही घेतलं. "उद्यापर्यंत रेघेच्या आत राहिली तर ठीक," मला म्हणाला.

गुरुवारी सकाळी मी भाजी घेऊन येत होतो. अनंत गेटपाशी उभा होता, इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. म्हणाला, "रेघेच्या बाहेर गेली रे. डॉक्टरकडे जाऊन येतो."

"तिथे पंचवीस माणसं बसलीयत, आत्ताच बघून आलो," मी म्हणालो. "दोन तास पाय खाली सोडून बसणार? वर चल, माझ्याकडे गोळ्या आहेत."

"त्याच घशाच्या?"

"जंतू तो जंतू. घशातला काय नि पायातला काय."

 तो हसला. "बरा, डॉक्टर सांगता म्हणजे..." आणि माझ्या हातातली एक पिशवी घेऊन, लंगडत, माझ्याबरोबर वर आला.

शुक्रवारी त्याने दुसरी रेघ ओढली, शनिवारी तिसरी. "तिसरी पण गेली रे," तो म्हणाला. मी म्हणालो, औषधाला वेळ दे. रविवारी दुपारी त्याला हुडहुडी भरली आणि तो असंबद्ध बोलू लागला. तेव्हा आम्ही त्याला हॉस्पिटलमध्ये नेलं.

बुधवारी रक्ताचा रिपोर्ट आला. तिथली तरुण डॉक्टर समजावून सांगत होती. स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जंतू, घशात असतो, कातडीतूनही शिरतो, तो रक्तात पसरला होता. कागदावर औषधांची यादी होती आणि माझ्या गोळीच्या नावापुढे लिहिलं होतं की या जंतूवर ही चालत नाही. "जुनं साधं पेनिसिलिन याच्यावर अजून चालतं, तेच सुरू आहे," ती म्हणाली. "पण चार दिवस आधी यायला हवं होतं. आता किडनीवर आलंय." मी तिला विचारलं, जंतू असा का होतो? ती म्हणाली, "औषध उठसूट घेतलं, अर्धवट घेतलं की असे जंतू उरतात आणि माणसामाणसांतून पसरतात. यांच्याकडे तो कुठून आला, ते नाही सांगता येणार, काका." मला तेवढ्याचाही आधार वाटला, याची लाज आज वाटते. पुढच्याच रविवारी अनंत गेला, तेव्हा डबा उघडून मी काय करत होतो, तेही सांगून टाकतो. त्या पट्ट्या कोणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून बाहेर काढत होतो.

शोकसभा गच्चीवर झाली. कोणीतरी म्हणालं, "पेडणेकर काका हट्टी. पाय एवढा सुजला तरी डॉक्टरकडे गेले नाहीत." माना हलल्या. वहिनी खाली बघून म्हणाल्या, "मीच मागे लागायला हवं होतं." मग सगळे माझ्याकडे वळले, कारण मी त्याचा सगळ्यात जुना मित्र. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "होता खरा हट्टी."

मागच्या आठवड्यात वहिनींकडे गेलो आणि गेटपाशी काय झालं ते सगळं सांगितलं. 

"गोळ्या तुमच्या होत्या हे मला ठाऊकच होतं," वहिनी म्हणाल्या. "पाणी मीच दिलं. पण ते निघाले होते? डॉक्टरकडे?"

"हो."

"शर्ट कुठला होता?"

"निळ्या चौकड्यांचा."

"तोच. दुपारी धुवायला टाकला होता. मी चिडले, म्हटलं, खाली दूध आणायला जायचं तर इस्त्रीच्या शर्टाची घडी कशाला मोडली? तर नुसते हसले." त्यांनी पदराने डोळे पुसले. "सहा आठवडे मी त्यांच्या फोटोशी भांडतेय, भाऊजी. जरा गेला असतात तर काय बिघडलं असतं, म्हणून..."

मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "तुमच्यावर रागवायचं की काय करायचं, ते मी नंतर बघेन. आधी मला त्यांच्याशी बोलायचंय. तुम्ही जा आता. आणि सभेत बोललात ना, तसंच हेही सगळ्यांना सांगा." म्हणून हे लिहिलं.

त्या दिवशी मला घरात जाववेना. खाली उतरलो, रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आलो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अनंत नेहमी थांबायचा. "थांब रे, चावी खंय गेली बघतंय," म्हणत सगळे खिसे चाचपायचा. वहिनी घरात असायच्या, दार उघडंच असायचं, त्याला चावी कधी लागलीच नाही. माझे गुडघे तिथवर येऊन बोलू लागतात, हे त्याला माहीत होतं. माझा श्वास जाग्यावर आला की चावी सापडायची... आता त्या वळणावर मी एकटाच थांबतो. वरून खाली कोणी येत असेल तर उगाच खिसे चाचपतो.