चिमण्या हलल्या की बाहेर

सीलिंग फॅनशी हाडवैर धरणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हा माझ्या पत्रिकेचा दोष. साताऱ्यातल्या आमच्या घरात खोलीगणिक पंखा आहे आणि भर मे महिन्यात आम्ही पुठ्ठ्यानं वारा घेतो. कारण प्रत्येक पंख्याच्या बरोबर खाली मामांनी एकेक चिमणाळं टांगलंय. तान्ह्या बाळाच्या पाळण्यावर टांगतात ना, कापडी चिमण्यांचं झुंबर, तेच. आमची लेक केव्हाच मोठी झाली, पण मामांच्या चिमण्या खेळण्यासाठी नाहीतच, त्या पहाऱ्याला आहेत. त्या हलल्या म्हणजे भूकंप, आणि भूकंप म्हटलं की विचारत बसायचं नाही, असाल तसे अंगणात पळायचं. पंखा लावला तर त्या कायमच हलणार, मग खरं काय नि खोटं काय ते कळणार कसं? म्हणून पंखा बंद. पाहुणे घाम पुसत वर बघतात आणि मी त्यांना लोडशेडिंगची थाप मारतो.

मामांची सगळी नोकरी कोयनानगरला धरणावर झाली. तिकडे जमीन अधूनमधून हलायचीच. मांडणीतली भांडी वाजली तरी बायका हातातली फोडणी थांबवत नाहीत. मामा मात्र दर वेळी अंगणात, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही ओढून बाहेर. लग्न त्यांनी केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "आवं, एकटा मानूस भाईर काडायला सोपा असतो." रिटायर झाल्यावर ते आमच्या खालच्या खोलीत राहायला आले ते एक भलीमोठी पत्र्याची ट्रंक घेऊन. बायकोला वाटलं, तांब्यापितळेची भांडी असतील. उघडली तर तोंडापर्यंत चिंध्या.

चिमणीसाठी विकतचं काही आणलेलं मामांना खपत नसे. सलीमभाई टेलरच्या दुकानातली कात्रणं, जुन्या उशीतला कापूस, डोळ्यांना तुटक्या माळेतले काळे मणी, चोचीला लाल दोरा आणि हे सगळं टांगायला बायकोची जुनी बांगडी. कापडाचा चौकोनी तुकडा तिरका दुमडायचा, कडा शिवायच्या, पोटात चिमूटभर कापूस भरायचा आणि शेपटीला चुणी घालायची. वजन असं पाहिजे की "मुंगी शिंकली तरी हाललं पायजे." एकदा सलीमभाई वैतागून म्हणाले, "मामा, कात्रणं संपली. आता गिऱ्हाइकाची पँट कापून देऊ काय?" मामा शांतपणे म्हणाले, "पँटचं कापड जड असतंय. ब्लाउजचं कुटं हाय का बगा." माझा आवडता पोपटी शर्ट दोरीवरून नाहीसा झाला आणि चार दिवसांनी जिन्यात चिमण्या होऊन लटकताना सापडला. मी म्हटलं, "मामा, तो फाटलेला नव्हता हो." "फाटनारच हुता की कवातरी, जावईबापू. आता कामाला तरी आला." या माणसाशी वाद घालून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

लेकीला बघायला सांगलीची मंडळी आली तेव्हा तर मी देव पाण्यात घालून बसलो होतो. बोलणी रंगात आली होती. मुलाच्या वडिलांना उकडलं, आणि मी लोडशेडिंग म्हणायच्या आत त्यांनी स्वतः उठून बटण दाबलं. चिमण्या गरगरल्या. "भाईर व्हा," म्हणून मामा आतून धावत आले आणि माझ्या होऊ घातलेल्या विहीणबाईंना दंडाला धरून थेट अंगणात घेऊन गेले. मला वाटलं, आटोपलं. मुलाचे वडील पोह्यांची बशी घेऊनच बाहेर पडले होते. पेरूच्या झाडाखाली उभ्याउभ्या त्यांनी ती संपवली, मामांकडे एकवार नीट पाहिलं आणि म्हणाले, "पोहे झकास झालेत. मुलगी आम्हाला पसंत आहे."

हे सगळं कशापायी, ते मामांनी एकदाच सांगितलं. जुन्या सोबत्याच्या घरी लग्न होतं म्हणून मी त्यांना गाडीनं कोयनानगरला नेलं होतं. वळणं घेऊन घेऊन माझं डोकं गरगरत होतं. एका ठिकाणी त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याखालच्या उताराकडे बोट केलं. तिथे घाणेरीच्या झुडपांशिवाय काही नव्हतं. "हितं आमचं घर हुतं. मी ल्हान हुतो. तुमच्या सासूबाई तवा आजोळाला. धाकली पाळन्यात. आईनं खणाच्या चिमण्या शिवून टांगल्या हुत्या. पहाटं जाग आली तर चिमण्या नाचत हुत्या. मला वाटलं, वारं सुटलंय. म्या बगत पडलो. लय ग्वाड दिसत हुत्या." एवढं बोलून ते गाडीत येऊन बसले. त्या मोठ्या भूकंपात त्यांची तान्ही बहीण घराखाली गेली हे मला ठाऊक होतं. चिमण्यांचं ठाऊक नव्हतं. मला रडू आलं, आणि पुढची सगळी वळणं मी तशीच घेतली.

नात्यात कुणाकडेही मूल झालं की पहिलं चिमणाळं मामांचं, हा शिरस्ता. गेल्या वर्षी आमच्या लेकीला दिवस गेले आणि त्याच सुमारास मामांचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हे बरं होणारं नाही, असंही सांगून टाकलं. मामांना त्याचं काही नव्हतं. "पोरीच्या लेकराच्या पाळन्यावर काय टांगायचं?" एवढीच त्यांना काळजी. मी सुया ओवून देऊ लागलो, बायको कापड धरू लागली, पण टाके मामाच घालणार. या खेपेला माझा चांगला निळा शर्ट मी आपण होऊन कात्रीखाली दिला. महिनोन्‌महिने खपून जे तयार झालं त्याला चिमण्या म्हणणं म्हणजे चिमण्यांची बदनामी होती. एक बटाट्यासारखी, एकीची चोच पोटावर. मामा एकेक चिमणी बोटाला टांगून बघत. ती हले. ते उठून पेरूच्या झाडाखाली जाऊन उभे राहत आणि थोड्या वेळानं मुकाट परत येत. ते बघवत नसे, आणि त्यांना सांगायचं धाडस आम्हा दोघांतही नव्हतं.

बारशाला सांगलीची मंडळी आली. विहीणबाईंनी सेलवर फिरणारं प्लॅस्टिकचं खेळणं आणून पाळण्यावर टांगलं होतं. हत्ती, जिराफ, वर इंग्रजी गाणं. मामा त्याच्याकडे बघतच राहिले. "हे तर सारकंच फिरतंय. मग कळायचं कसं?" लेकीनं ते उतरवून ठेवलं आणि पाळण्याच्या लोखंडी दांडीला मामांच्या चिमण्या बांधल्या. बाळ झोपलं होतं. गाणी व्हायची होती. मामा पाळण्याच्या स्टँडला हात टेकून कितीतरी वेळ बाळाला बघत उभे होते. मग त्यांनी वर पाहिलं. चिमण्या हलत होत्या.

"भाईर व्हा." लेकीनं झोपलेलं बाळ उचललं आणि सगळं बारसं अंगणात आलं. व्याही हातात घुगऱ्यांची वाटी घेऊन पेरूखाली उभे राहिले. या वेळी ती तशीच भरलेली राहिली. मी आत वळून पाहिलं. मामांनी स्टँड सोडला होता आणि चिमण्या थांबल्या होत्या. त्यांनी पुन्हा हात टेकला. त्या पुन्हा हलल्या. मग त्यांनी तो हात दुसऱ्या हातात घट्ट धरला आणि उंबऱ्यात येऊन मला म्हणाले, "माजाच हात हुता, जावईबापू."

तेव्हापासून ते पाळण्याच्या जवळ जात नाहीत. बाळ मांडीवर दिलं तर घेत नाहीत. चिंध्यांची ट्रंक सलीमभाईंना देऊन टाका म्हणाले. मी 'हो' म्हटलं आणि ती माळ्यावर चढवली. परवा दुपारी उकाड्यानं बाळ किरकिरत होतं. मामा उंबऱ्यावर बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

"पंखा लावा," ते म्हणाले. "पोर घामानं भिजलीया."

"मामा, पण चिमण्या?"

"त्यास्नी बगनारा कुटं हाय आता?"

ज्या पंख्यापायी मी इतके उन्हाळे या माणसाच्या नावानं बोटं मोडली, त्याच्या बटणावर मी बोट ठेवलं. आणि तसंच काढून घेतलं. पुठ्ठा घेऊन पाळण्यापाशी बसलो आणि बाळाला खालूनच, चिमण्यांना लागणार नाही असा, हलका वारा घालू लागलो. बाळ निजलं. बऱ्याच वेळानं उंबऱ्यावरून मामांनी विचारलं, "हालत्यात का?"

मी मान वर केली.

"नाही मामा. मी बघतोय."