इक्बालभाईंच्या जनरेटरचा अबोला

आधीच कबूल करतो, मी या ग्रुपवर टिंगल करायला येतो. कुणाच्या आत्याला विहिरीवर बाई दिसली, कुणाच्या मागून घाटात पावलं वाजली... असलं काही आलं की मी ते जेवताना बायकोला मोठ्याने वाचून दाखवतो आणि आम्ही दोघं हसतो. माझं कामच तसं आहे. लोट्याला एका केमिकल कंपनीत मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. आमच्याकडे बंद पंखा आपोआप फिरायला लागला तर कुणी रामरक्षा म्हणत नाही, टेस्टर लावतात.

आज मीच लिहायला बसलोय म्हणून बायको स्वयंपाकघरातून हसतेय. हसू दे.

गोष्ट अलीकडचीच, मे महिन्यातली. माझ्याबरोबर कंपनीत बॉयलरला सलीम आहे. जुना दोस्त. त्याच्या भाचीचा, नाझनीनचा निकाह होता. गाव गुहागर तालुक्यात, अंजनवेलच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. नाव लिहीत नाही, सलीमने बजावून ठेवलंय. मी सकाळी मोटरसायकलवरून पोचलो तो पाहुणा म्हणून... इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात भेटवस्तू, पोटात बिर्याणीसाठी मुद्दाम ठेवलेली जागा.

सलीम दारातच भेटला. त्याने भेटवस्तू घेतली, ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "विनू, पक्कड आणलीस काय?"

"लग्नाला पक्कड कोण आणतं रे?"

"डिकीत असतेच तुझ्या. चल मागच्या दारी."

झालं होतं असं. आदल्या दिवशी वारा सुटला आणि फणसाची अख्खी फांदी तारांवर आडवी झाली. गावात लाईट नाही. इन्व्हर्टर सकाळीच झोपला. मोबाईलच्या टॉवरची बॅटरीही संपलेली, त्यामुळे कुणाच्याच फोनला रेंज नाही. राहता राहिलं घरातलं वायफाय. ते केबलवरून येतं, पण त्यालाही वीज लागतेच.

आता तुम्ही म्हणाल, निकाहला वायफाय कशाला? तर नाझनीनचा मोठा भाऊ अरमान जहाजावर मशीनवर असतो. दोन वर्षांपूर्वी त्यांचे वडील, इक्बालभाई गेले, तेव्हाही तो समुद्रातच होता. मयतीला पोचणं सोडाच, वडिलांचा चेहरासुद्धा त्याला फोनवर बघता आला नाही. त्यानंतर त्याने बहिणीला शब्द दिला होता की तुझ्या निकाहला मी असणार, रजा मिळो न मिळो, निदान स्क्रीनवर तरी असणार. त्या दिवशी त्याचं जहाज दुबईकडच्या फुजैरा बंदराच्या बाहेर नांगरून होतं. दुपारी नांगर उचलला की पुढचे कितीतरी दिवस तो कुणाला दिसणार नव्हता.

आणि नाझनीन आत बसून सांगत होती, "भाई दिसल्याशिवाय मी कबूल म्हणणार नाही. कुणीही समजवायला येऊ नका."

नवऱ्याकडची माणसं दाभोळहून फेरीबोटीने येऊन सरबत पिऊन बसलेली. काझीसाहेबांना संध्याकाळी दुसऱ्या गावी दुसरा निकाह लावायचा होता. ते दर थोड्या वेळाने मागच्या दारी येऊन, आमच्याकडे बघून, "अल्लाह आसान करे" म्हणून परत जात होते. त्याने मनावर आणखी दडपण येत होतं.

तर जनरेटर.

हा जनरेटर इक्बालभाईंनी स्वतः जोडलेला. ते बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. एका मोडलेल्या मच्छीमार बोटीचं डिझेल इंजिन, कुठून तरी आणलेला अल्टरनेटर, म्हणजे ज्याला इंजिन फिरवतं आणि ज्यातून वीज निघते तो भाग, आणि दोन्ही एका लोखंडी चौकटीवर बसवलेले. घरामागे नारळीखाली पत्र्याची शेड, त्यात हा प्रकार. समोर काट्याचा जुना व्होल्टमीटर.

सलीमने हँडल मारलं. इंजिन पहिल्याच दणक्याला सुरू झालं. आवाज खणखणीत, धूर जेवढा हवा तेवढाच. आणि व्होल्टमीटरचा काटा... शून्यावर. हलायचं नाव नाही.

मी हसलो. खरंच हसलो. म्हटलं, "एवढंच ना? आत्ता करतो."

पहिल्यांदा ब्रेकर, म्हणजे घराकडे वीज सोडणारा खटका बघितला, ठीक. मीटर बिघडला असेल म्हणून माझा मल्टीमीटर लावला, तर त्यातही जेमतेम दोन-तीन व्होल्ट. कार्बन ब्रश काढले, घासून साफ केले, परत बसवले. काही नाही. मग म्हटलं, बरेच दिवस बंद राहिल्याने आतलं चुंबकत्व गेलं असेल. असं होतं कधी कधी. अल्टरनेटरला सुरुवातीला थोडं जुनं चुंबकत्व लागतं, ते गेलं की बाहेरून बॅटरीचा झटका द्यायचा. सलीमच्या गाडीची बॅटरी काढून आणली, झटका दिला. काटा टुणकन उडाला, आतून कुणीतरी "आली! आली!" म्हणून ओरडलं, आणि काटा परत खाली. आतून "गेली..."

असं तीनदा झालं. "आली-गेली, आली-गेली" ऐकून नवऱ्याकडची पोरं हसायला लागली. माझ्या पांढऱ्या शर्टाची अवस्था एव्हाना सांगण्यासारखी राहिली नव्हती.

आता संशय एकाच वस्तूवर होता. एव्हीआर. साबणाच्या वडीएवढा डबा असतो, त्यातून अल्टरनेटरच्या आतल्या वेटोळ्याला करंट जातो. तो करंट आहे म्हणून वीज तयार होते. करंट नाही, तर वीज नाही. इंजिन दिवसभर फिरवत बसा, नुसतं डिझेल जळणार. मी इंजिन बंद केलं, एव्हीआर सोडवून बाहेर काढला. कोपऱ्यात जळल्याचा काळा डाग, वासही येत होता. सापडला चोर.

पण नवीन एव्हीआर चिपळूणला मिळणार. जाऊन यायचं म्हणजे दुपार कलली. शेवटचा उपाय म्हणून ठरवलं की एव्हीआर बाजूला ठेवायचा आणि बॅटरीचाच करंट थेट वेटोळ्याला देत राहायचा. धोक्याचा प्रकार आहे, घरी करू नका. इंजिन पुन्हा सुरू केलं. वेटोळ्याच्या दोन्ही वायरी मोकळ्या, हवेत लोंबकळत होत्या. बॅटरीच्या क्लिपा सलीमच्या हातात. एव्हीआर माझ्या हातात. ब्रेकर बंद. हे सगळं नीट लक्षात ठेवा मंडळी, कारण पुढच्या प्रकाराने माझी झोप उडवलीय.

तेवढ्यात झुबेदाआपा आल्या. सलीमची मोठी बहीण, नाझनीनची आई. भरजरी साडी, अंगावर दागिने आणि हातात बिर्याणीचा झारा.

"भाऊ, काय म्हणताय जनरेटर?"

"आपा, इंजिन चालू आहे. वीज देत नाहीये."

आपांनी जनरेटरकडे बघितलं. मग एक लांब सुस्कारा सोडला.

"असंच करायचे हे," त्या म्हणाल्या. "घरात हिंडायचे, जेवायचे, कामावर जायचे. सगळा चालू. फक्त बोलायचे नाय. मासोळीत मीठ जास्त पडला तर आठ-आठ दिस बोलायचे नाय."

"आपा, ही मशीन आहे..."

"बाजूला व्हा भाऊ जरा."

मी झालो बाजूला. आपांनी पदर डोक्यावरून नीट घेतला, जनरेटरसमोर उभ्या राहिल्या आणि इंजिनच्या वर आवाज काढून बोलायला लागल्या. त्या आवाजाला अख्खी वाडी गप्प झाली असावी.

"ऐकलंत काय? मला म्हाईत हाय तुम्हाला राग कशाचा आलाय तो! भंगारवाला बघून गेला ना, तवापासून तुमचा तोंड फुगलाय. मग मी काय करू? तुम्ही गेलात निघून, आणि हा धूड माझ्या गळ्यात! पोरगी आत रडतेय. पोरगा तिकडे फोन धरून बसला असेल. तुमच्या वेळेला पण असाच बसला होता, म्हाईत हाय ना?"

इथे झारा खाली आला.

मग हळू आवाजात, म्हणजे मला ऐकू आलं इतक्याच, म्हणाल्या, "बरा. नाय देत भंगारात. झाला? आता बोला."

आणि काटा हलला.

उडाला नाही. बॅटरीच्या झटक्याने उडतो तसा नाही. आढेवेढे घेत माणूस उठतो ना, तसा हळूहळू वर चढला. शंभर... दीडशे... दोनशे... आणि दोनशे तीसवर जाऊन उभा राहिला. थरथरसुद्धा नाही.

मी हातातल्या एव्हीआरकडे बघितलं. मोकळ्या वायरींकडे बघितलं. सलीमकडे बघितलं, तर त्याने क्लिपा कधीच खाली टाकल्या होत्या आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होता. मल्टीमीटर लावला, दोनशे तीस. मल्टीमीटरच बिघडला असेल म्हणून सलीमचा टेस्टर लावला, तर तो लखलखला. ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो, चुलीतली लाकडं काढून अंगणात ठेवलीत, चूल थंड आहे आणि वर भात शिजतोय... असं ते होतं.

आपा म्हणाल्या, "बघत काय बसलात? चालू करा!"

नियम सांगतो की असं काही दिसलं तर मशीन ताबडतोब बंद करायची. मी नियम बाजूला ठेवला, डोळे मिटले आणि ब्रेकर वर केला.

घरात एकच गलका झाला. पंखे फिरले, फ्रीज गुरगुरला, आणि थोड्या वेळात मागच्या खिडकीतून मला टीव्हीच्या पडद्यावर अरमान दिसला. केशरी बॉयलर सूट, डोक्यावर हेल्मेट, मागे त्याच्या जहाजावरची माणसं दाटीवाटीने उभी, हात हलवतायत. काझीसाहेबांनी वेळ दवडला नाही. नाझनीनने पडद्याकडे बघून घेतलं, मान खाली घातली आणि "कबूल है" म्हणाली... इतक्या मोठ्याने की बाहेरच्या मांडवातही ऐकू गेलं. तिकडे जहाजावर टाळ्या पडल्या. अरमान हेल्मेट काढून त्यात तोंड लपवून रडत होता.

मग त्याने डोळे पुसले आणि विचारलं, "मागे आवाज कसला येतोय?... अब्बांचा जनरेटर काय तो?"

सलीम खिडकीपाशी माझ्या शेजारी उभा होता, तो वळून नारळीकडे बघायला लागला.

"बंद करू नका हां," अरमान म्हणाला. "ऐकू दे जरा."

त्याने तो आवाज ऐकून घेतला. मग तिकडे कुणीतरी त्याला हाक मारली, त्याने सगळ्यांना सलाम केला आणि पडदा बंद झाला.

याच्या पुढचं तर आणखी विचित्र. पाण्याचा पंप लावला, काटा जागचा ढळला नाही. एव्हीआर असतानाही इतका स्थिर राहत नाही! मग नवऱ्याकडच्या एका हौशी पोराने भलामोठा स्पीकर जोडून गाणं सुरू केलं. पहिला ठोका पडला मात्र, लाईट गेली. इंजिन तसंच चालू. काटा शून्यावर.

आपा चुलीपासून ओरडल्या, "बंद करा ता! आवडायचा नाय त्यांना!"

स्पीकर काढला, पण काटा काही परत वर आला नाही. मी मोकळ्या वायरींसमोर बसून राहिलो. बिर्याणी कुणीतरी तिथेच आणून दिली, ती मी जनरेटरकडे बघत खाल्ली. चव आठवत नाही, याचं आजही वाईट वाटतं. संध्याकाळी फांदी तोडून तारा जोडल्या आणि गावात लाईट आली.

तो एव्हीआर मी लोट्याला टेबलावर टेस्ट केला. पूर्ण मेलेला. आमच्या एका सिनियर साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, घरातल्या लाईटींमधल्या कपॅसिटरमुळे अल्टरनेटर कधी कधी आपोआप उठतो. मी म्हटलं, साहेब, ब्रेकर बंद होता, घर जोडलेलंच नव्हतं. त्यावर त्यांनी मला विचारलं, ऊन फार होतं का त्या दिवशी?

पुढच्या रविवारी मी एकटाच परत गेलो. नवीन एव्हीआर खिशात होता, पण तो बसवण्याआधी अगदी तसंच करून बघितलं. वायरी मोकळ्या, इंजिन चालू, ब्रेकर बंद. काटा शून्य. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी हळूच म्हटलंसुद्धा, "इक्बालभाई, मी विनायक, सलीमचा दोस्त..." काटा शून्य. इंजिनिअर माणूस मी, पत्र्याच्या शेडमध्ये हात जोडून उभा. मग नवीन एव्हीआर बसवला आणि जनरेटर कुठल्याही साध्या जनरेटरसारखा वीज द्यायला लागला.

आजतागायत मला याचं उत्तर सापडलेलं नाही. कुणाला माहीत असेल तर खाली लिहा. फक्त कपॅसिटर म्हणू नका.

त्या रविवारी काम आटोपून, हात धुवून ओट्यावर बसलो तेव्हा आपांनी चहा आणला आणि विचारलं, "भाऊ, काय कळला काय?"

"नाही आपा. डोकं चालत नाही."

"मग सोडा," त्या बशी पुढे करत म्हणाल्या. "मी एवढा संसार केला, मला कळले नाय ते. तुम्हाला एका रविवारात कुठून कळायचे?"