तक्रारीचा प्रकार : इतर

मोबाइलच्या दुकानात दोन गोष्टी कधी संपत नाहीत. एक म्हणजे कुठल्याच फोनला न लागणारे जुने चार्जर, आणि दुसरे कंपनीचे किस्से. दोन्ही मी काउंटरच्या खालच्या खणात कोंबत राहते. आता खण उघडेनासा झालाय, म्हणून आज बसलेय सांगायला.

पेडण्याच्या बाजारात आमचं दुकान. वर एका मोठ्या फोन कंपनीची पाटी: 'अधिकृत संकलन केंद्र'. नाव भारदस्त आहे, काम एवढंच की आजारी फोन घ्यायचा, डब्यात घालून कंपनीकडे पाठवायचा आणि लोकांच्या शिव्या आपण खायच्या. कंपनीचं नाव सांगत नाही. फुकटची जाहिरात कशाला करू?

*

जत्रेला पंधरा दिवस होते तेव्हा पुंडलिकदादा आला. माझ्या माहेरच्या गावचा, साठीचा, नारळाच्या बागायतीत राबणारा साधा माणूस. कंपनीने पाठवलेलं अपडेट घेतलं आणि नऊ महिन्यांचा फोन जो बंद पडला तो पडलाच.

"बाय, हो फोन जिवंत कर गे," म्हणाला. "काकाचा गाऱ्हाणा ह्येच्यात आसा."

आमच्या गावात जत्रेला एक जण देवासमोर उभा राहून साऱ्या गावासाठी मोठ्याने मागणं मागतो. ते गाऱ्हाणं. गावाच्या शिवेवरचे सतरा राखणदार, एकेकाचं नाव क्रमाने घ्यायचं आणि प्रत्येक वाक्याला गावाने 'व्हय महाराजा' म्हणायचं. चाळीस वर्षं हे काम दादाच्या काकांचं होतं. काका गेल्या पावसात वारले. यंदा पहिल्यांदाच दादा उभा राहणार होता.

गाऱ्हाणं कागदावर लिहायचं नाही, असा नेम. फोनचं काय ते मात्र जुन्या माणसांनी सांगून ठेवलं नव्हतं! म्हणून काकांनी जाण्याआधी ते फोनमध्ये बोलून ठेवलं, आणि दादा रोज सकाळी माडांना पाणी घालताना ते लावायचा.

"एक नाव चुकला तर?" मी विचारलं.

"मगे वर्षभर कोणाची गाय मेली तरी सांगतले, पुंडलिकान नाव गाळल्यान म्हणान."

मी कंपनीचा फॉर्म उघडला. तक्रारीचा प्रकार: स्क्रीन, बॅटरी, स्पीकर, इतर. मृत काकांचं गाऱ्हाणं यातल्या कशात बसतं? 'इतर'वर टिचकी मारली. खाली जेवढी जागा होती तेवढ्यात लिहिलं, 'आतलं काही पुसू नये.' हे कोणी वाचतं, असं मला तेव्हा वाटायचं. वेडी मी.

*

त्याच आठवड्यात केरीचा जयवंत आला. रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढणारा माणूस, पण फोन जिवापाड जपणारा. समुद्रावर जाताना घरी ठेवतो. त्याच्या फोनचा आवाज गेला होता. कंपनीचं उत्तर आलं, 'आत पाणी गेले आहे, वॉरंटी रद्द.'

फोनच्या आत एक बारीक पांढरा स्टिकर असतो. ओल लागली की लाल होतो. तो लाल दिसला की कंपनी हात झटकून मोकळी. आता केरीत हवाच ओली! तिथे मीठ डब्यात पाझरतं, स्टिकर काय टिकणार?

मला राग आला. आमच्या काचेच्या कपाटात नमुन्याला ठेवलेला फोन होता, तीन पावसाळे जागचा न हललेला. तो उघडला. स्टिकर लालभडक. हेल्पलाइनला फोन करून तसं सांगितलं.

पलीकडचा साहेब शांतपणे म्हणाला, "मॅडम, कपाट पाण्यात ठेवू नका."

*

माझा मामेभाऊ मुळगावला शिक्षक आहे. खाणीचे ट्रक जाऊन-येऊन तिथे पानं तांबडी, कपडे तांबडे, माणसंही निम्मी तांबडी. त्याच्या फोनचं चार्जिंग बंद पडलं. कंपनीने कळवलं, 'आत धूळ आढळली. फोन धूळमुक्त वातावरणात वापरावा.'

त्याने त्यांना फोन लावला. "मी मुळगावात राहतो. मग फोन काय साखळी शहरात भाड्याने खोली घेऊन ठेवू?"

दुसऱ्या दिवशी त्याला मेसेज आला, 'आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे.'

केरीत पाणी, मुळगावात धूळ. आम्ही फोन कुठे वापरावा हे कंपनीने एकदा सांगून टाकावं, आम्ही तिथे राहायला जाऊ.

*

चोपड्याच्या सुनंदावहिनीची गोष्ट तर मी पाहुण्यांना चहाबरोबर सांगते. कंपनी म्हणाली, तुम्ही दुकानात यायची तसदी घेऊ नका, आमचा माणूस घरी येऊन फोन नेईल. वहिनी सकाळपासून दारातल्या सोप्यावर, म्हणजे बाहेरच्या बाकावर, बसून. दुपारचं जेवणही तिथेच. संध्याकाळी मेसेज आला, 'ग्राहक घरी नाही.'

पुरावा म्हणून सोबत फोटो. रस्त्यावरूनच काढलेला. त्यात घर, घरापुढे सोपो, आणि सोप्यावर पेज जेवत बसलेली वहिनी!

तो फोटो मी कंपनीला परत पाठवला. लिहिलं, हीच ती ग्राहक. त्यांनी उत्तर दिलं, 'फोटोतील व्यक्तीची ओळख पटवता येत नाही.'

वहिनी म्हणाली, "फोटो तरी बरो आयलो मगे."

*

इकडे पुंडलिकदादा एक दिवसाआड यायचा. दाराजवळची खुर्ची त्याचीच झाली होती. आला की एकच प्रश्न, फोन पोचला कुठवर: "पावलो गे खंय?" मी सांगायची, प्रक्रियेत आहे. प्रक्रिया म्हणजे काय ते मलाही ठाऊक नव्हतं. त्याचा चेहरा मात्र रोज थोडा उतरत होता.

जत्रेला आठ दिवस राहिले तेव्हा हेल्पलाइनकडून कळलं की आतलं सगळं वाचवायचं तर मालकाची परवानगी लागेल.

"देतो की. कुठे सही करू?" दादाने स्पीकरवरच विचारलं.

"सर, परवानगी त्याच फोनवरून द्यायची आहे."

"तो बंद आसा. तुमच्याकडेच आसा."

"ठीक आहे सर. चालू झाला की द्या."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. असल्या लोकांची पाटी मी दारावर लावलीय याची मला त्या दिवशी लाज वाटली.

*

जत्रेला तीन दिवस असताना दादाचा फोन परत आला. चकचकीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, बरोबर एक कार्ड: 'आपला फोन आता नव्यासारखा!' आणि खरंच नव्यासारखा होता. आत काही म्हणजे काही नव्हतं.

दादा खुर्चीवर बसून राहिला. जयवंत आपल्या फोनचं विचारायला आला होता, सुनंदावहिनी कव्हर घ्यायला. मी हेल्पलाइन लावली आणि स्पीकर मोठा केला. आधी ते ठरलेलं, हा कॉल गुणवत्तेसाठी रेकॉर्ड केला जात आहे. मग एक मुलगी. कोवळा आवाज, हिंदीतून पाठ केलेली वाक्यं.

"मॅडम, आपने बॅकअप लिया था?"

मी जे बोलायचं ते बोलले. सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. ती प्रत्येक वेळी म्हणायची, "मैं आपकी परेशानी समझ सकती हूँ."

तेवढ्यात दादा उठला. चपला काढून बाजूला ठेवल्या. हेल्पलाइन लावलेला माझा फोन काउंटरवर होता, त्याच्यासमोर उभा राहिला आणि हात जोडले. मला वाटलं, आता हा रडणार.

"बा देवा रवळनाथा," त्याने आवाज लावला. अगदी काकांचा आवाज. "आवशी सातेरी माये, आज ह्या लेकरू तुमच्या पायाकडे उभा आसा, महाराजा."

जयवंतच्या तोंडून आपसूक गेलं, "व्हय महाराजा."

दादाने पहिली शीव धरली. वडाखालचा राखणदार, नदीच्या उताराचा, खाजन शेतीच्या बांधावरचा. एकेकाला साक्षीला बोलावलं. ह्या कंपनीने काय केलं ते प्रत्येकाला सांगितलं. पाणी सांगितलं, धूळ सांगितली, परवानगी सांगितली. आम्ही तिघं 'व्हय महाराजा' म्हणत होतो. बाहेर पाव विकणारा पोदेर सायकल टेकून उभा राहिला आणि तोही म्हणू लागला. मी बोटांवर मोजत होते. पंधरा. सोळा. डोंगरावरचा शेवटचा, सतरा.

एकही नाव गळलं नव्हतं. दादाला त्याचा पत्ताच नव्हता, तो रागाच्या भरात पुढे निघाला होता.

"जेनी काकाचो आवाज पुसल्यानी, तेंका सुबुद्धी दी, महाराजा."

"व्हय महाराजा."

मग त्याने फोनकडे पाहिलं. आवाज जरा खाली आला.

"आणि ह्या फोनार बोलता ता चेडू, कोणाच्या तरी घरातला लेकरू आसा. पोटासाठी लोकांच्यो शिव्यो खाता. तेचो काय दोष नाय. तेका सुखी ठेव, सांजेक सुखरूप घराक पावय, महाराजा."

आम्ही सगळे फोनकडे वळलो, म्हणायचं ते म्हणायचं राहूनच गेलं.

आणि मग काउंटरवरच्या फोनमधून, अगदी हळू, त्याच कोवळ्या आवाजात आलं:

"व्हय महाराजा."