त्याला दाखवलेला पिच्चर

परदेशातल्या एका समलिंगी पुढाऱ्याच्या आयुष्यावरचा पिच्चर मी आधी एकट्याने पाहिला आणि मूर्खासारखा रडलो. मग ठरवलं, हा त्यालाही दाखवायचा. तो म्हणजे ज्याच्याशी माझं बारा वर्षं जमलेलं होतं तो. आष्टीत माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे आणि तो जवळच्याच गावचा. लोकांच्या लेखी आम्ही जिगरी दोस्त. दर वाढदिवसाला त्याचा 'भावी सरपंच' असा बोर्ड मीच करतो आणि फोटोतल्या त्याच्या गालावरचे वांगाचे डाग मीच पुसतो.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. शटर अर्धं ओढलं, कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या टाकल्या आणि पिच्चर लावला. पिच्चर इंग्रजीत, म्हणून मी एकेक वाक्य त्याला मराठीत सांगत होतो. दोन तास बोलून घसा कोरडा पडला. आणि हा काय बघत होता? प्रचाराची गाडी.

"भोंगा कावून लावला न्हाई बे यानं?" तो म्हणाला.

पत्रकं कोण वाटतंय, पोरांना चहापाणी कोण देतंय, समोरचा उमेदवार कुठल्या गटाचा, असल्या चौकशा चालल्या होत्या. त्या पुढाऱ्याचा जोडीदार प्रत्येक सभेला बाहेर गाडीत बसून राहतो, हे मी त्याला मुद्दाम दोनदा सांगितलं. तो 'हं' म्हणाला. मीही त्याच्या सभांना बारा वर्षं बाहेर मोटरसायकलवर बसून काढली आहेत, पण ते त्याच्या डोक्यात येईल तर शपथ.

मी ज्यासाठी हा सगळा घाट घातला होता, तो प्रसंग शेवटाकडे येतो. भरल्या हॉलमध्ये कुणीतरी उठून विचारतं, तुमच्या घरी कोण असतं? पुढारी त्या दिवशी आत येऊन दाराशी उभ्या राहिलेल्या जोडीदाराकडे बोट करतो. म्हणतो, हा असतो. माझा आवाज तिथं चिरकला.

"मागं घे जरा," तो म्हणाला.

मला वाटलं, लागलं याला. मी मागे घेतलं. त्यानं पुढं वाकून स्क्रीन नीट न्याहाळली.

"दोनशे खुर्च्या बी न्हाईत," तो म्हणाला. "एवढ्या माणसात कोण बी बोलंल."

गाढवापुढे वाचली गीता म्हणतात ते हेच. मी चिडून पिच्चर पुढं ढकलला. शेवटी पुढारी निवडून येतो, तेवढं मात्र त्यानं मन लावून पाहिलं.

"निवडून आला?"

"आला."

"मग त्याला बरं हाय. त्याच्याकडं जागा महिलेला सुटत न्हाई."

मी हसलो. तो हसला नाही. कालच आरक्षणाची सोडत निघाली होती आणि त्याच्या गावचं सरपंचपद महिलेला सुटलं होतं. असं झालं की आमच्याकडे पुरुष बायकोला उभं करतो आणि खुर्चीत आपण बसतो. याला बायकोच नव्हती. आई वारलेली, बहीण परगावी दिलेली. नव्या बायकोचं नाव गावच्या मतदार यादीत चढवायला वेळ लागतो, म्हणून लग्नाची घाई होती. त्याचा बाप ऊसतोडीचा मुकादम. तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटा माणूस म्हणजे अर्धा. बाप कितीतरी दिवस याला म्हणत होता, "अर्धा कोयता फडात चालत न्हाई अन् गावात बी न्हाई." आता पोरालाही ते पटलं होतं.

"आपलं हाय तसंच ऱ्हाईल," तो मला म्हणाला. "तू कावून तोंड पाडून बसलास?"

मी उठून शटर वर ढकललं. राग इतका आला होता की बोललो असतो तर आख्ख्या बाजारपेठेनं ऐकलं असतं.

आठवड्यानं त्याच्या घरचे पोरगी बघायला चकलांब्याला निघाले, तेव्हा जीपमध्ये मीही होतो. त्यानंच धरून नेलं. त्याचा बाप तापट, बोलणी नीट करायला कुणी शिकलेलं माणूस हवं होतं. आपण नाही म्हणायचं तर कशासाठी म्हणून सांगायचं? गेलो. पोहे झाले, विचारपूस झाली. पोरगी बी.ए. झालेली, उत्तरं मोजकी पण सरळ देणारी. मला ती आवडली आणि त्यामुळे माझी आणखी चिडचिड झाली.

मी हात धुवायला मागं हौदावर गेलो, तर ती तांब्या घेऊन आली. आजूबाजूला कुणी नाही हे बघून तिनं हळूच विचारलं, "तुमी त्यांचे लई जवळचे दोस्त ना?"

"हो."

"मग खरं सांगा. फॉर्म भरायपुरती बायको पायजे म्हणून हे चाललंय का?"

हे विचारायला मुलूखभरात तिला दुसरं माणूस मिळालं नाही. हातावर पाणी पडत होतं. खरं सांगायला एक शब्द पुरला असता. तो बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, तुमाला कसं ठाऊक? आणि त्याच्या पुढचं सगळं माझ्यावरही आलं असतं.

"तसं काय न्हाई," मी म्हणालो. "माणूस चांगला हाय."

"तुमी म्हणताय तर बरं," ती म्हणाली आणि मला टॉवेल दिला.

दोन दिवसांनी तो दुकानात आला, पेढे घेऊन. पोरीकडून होकार आला होता.

"घरचे राजी होते, पोरगीच अडून बसली होती," तो खुशीत म्हणाला. "म्हणली, त्यांच्या दोस्ताला इचारलं मी, आता हो म्हणा. तुझ्यामुळं जमलं बे."

ती आता सरपंच आहे. तो तिच्या खुर्चीत बसतो. त्याला चार शिव्या घालाव्यात म्हणून मी अजूनही तोंड उघडतो, आणि 'माणूस चांगला हाय' हे मीच सांगितलेलं आठवून तसंच मिटतो.