जपानी गाण्यातला दुसरा आवाज

मुलगी दहावीला होती त्या वर्षी उदगीरला नळाचं पाणी बंद झालं होतं. गल्लीत टँकर यायचा. बायकांच्या तोंडी टँकर आणि चौकातल्या माणसांच्या तोंडी नवा जिल्हा. उदगीर जिल्हा होणार, कलेक्टर इथं बसणार, असं रोज कुणीतरी सांगायचं. मी ऐकून घ्यायचे. मला चारचौघांत बोलायला जमत नाही. मालक अडत दुकानावर, रात्री यायचे, जेवून झोपायचे. घरात बोलायला होती ती मुलगीच.

तिच्या मोबाईलात जपानी कार्टूनची गाणी होती. दुकानातून कार्डात भरून आणलेली. त्यातलं एक तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं निरोप समारंभाला म्हणायचं ठरवलं. रोज संध्याकाळी दोघी आमच्या पत्र्याखाली बसून घोकायच्या. एकीचा आवाज पुढं जायचा, मग दुसरीचा खालच्या सुरात यायचा, मग दोघींचा मिळून. मी भाकरी थापत ऐकायचे.

एकदा मी विचारलं, "अर्थ काय गं ह्याचा?"

"शाळा संपली, अव्वा. दोघी मैत्रिणी स्टेशनापर्यंत चालत जायल्यात. वरून गुलाबी फुलं पडतेत. एक गाडीत बसती, एक खाली ऱ्हाती."

"मग?"

"मग काय? गाडी जाती."

ऐकून ऐकून खालचा सूर माझ्या तोंडात बसला. एका दुपारी टँकरची वाट बघताना मी तो गुणगुणत होते, माझं मलाच कळलं नाही. रांगेत पुढची बाई बिदरकडची. ती वळली. "आगं, तेलगू कधीपासून यायलं तुला?"

माझ्या मागं तेलंगणाच्या हद्दीवरच्या देगलूरची बाई होती. ती म्हणाली, "तेलगू न्हाई हे. तुमचंच कानडी आसंल."

"कानडी आसतं तर मला कळलं नसतं व्हय?"

"मग ह्या बाईनं मधलीच कोणची तरी काढली!"

सगळ्या हसल्या. मी घागर उगाच सरळ केली आणि म्हणाले, "लेकीचं हाय. शाळंतलं."

"पाणी न्हाई शाळंत, गाणे मात्र लई," असं कुणीतरी म्हणालं, तेवढ्यात टँकर आला.

माझी शाळा चौथीपर्यंत. शिरूर अनंतपाळकडच्या गावात. मी चौथीत होते त्या वर्षी लातूर जिल्हा नवा झाला होता. एक पेंटर आला, त्यानं शाळेच्या भिंतीवरचं उस्मानाबाद चुन्यानं पुसलं आणि वर लातूर लिहिलं. आम्ही पोरं उन्हात बसून बघत होतो. पाचवी दुसऱ्या गावाला होती. सुट्टी संपल्यावर मुलं गेली. मी धाकट्या भावाला कडेवर घेऊन दारात उभी होते. तुझी शाळा संपली असं मला कुणी म्हणालं नाही. त्यामुळं माझा शाळेतला शेवटचा दिवस कोणता, ते मला सांगता येत नाही.

समारंभ जवळ आला आणि मैत्रिणीचा मामा येऊन तिला नांदेडला घेऊन गेला. तिकडं पाणी होतं, अभ्यास होईल म्हणाला. ती थेट परीक्षेलाच येणार होती.

मुलगी म्हणाली, "मी गाणं म्हणत न्हाई आता."

"एकटी म्हण की. तिचं तेवढं सोडून दे."

"ते सोडलं तर गाणं कुठं ऱ्हातंय?" मग म्हणाली, "तुला येतंय की, अव्वा. भाकरी करताना म्हणतीस, मी ऐकलंय."

"मी? शाळंत? खुळी का काय!"

"स्टेजवर नगं येऊ. माघं बायकांत उभी ऱ्हाऊन म्हण. कुणाला दिसत बी न्हाई."

मी विषय टाळून जेवायला वाढलं. पण रात्रभर एकच वाटत राहिलं, की ही माझ्यासारखी नुसती शाळेतून निघून जाऊ नये. अकरावीला ती बाहेर जाणारच होती. लातूरच्या होस्टेलांत पाण्याचे हाल, म्हणून नांदेड ठरलं होतं.

समारंभाला दहावीच्या मुली साड्या नेसतात आणि त्या नेसवायला आया शाळेत जातात. माझी निळी इरकल मी तिला नेसवली. जेवण त्या वर्षी नव्हतं. चिवड्याचा पुडा आणि ज्याची त्याची पाण्याची बाटली. नववीच्या मुलींनी गुलाबं दिली, सर बोलले, मग तिचं नाव पुकारलं. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते, तोंडात दोन पिना.

ती म्हणायला लागली. दुसऱ्या आवाजाची जागा आली. मी पिना दातांत घट्ट धरल्या. ती तशीच गप्प उभी राहिली, खिडकीकडं बघत. मुलांच्या बाजूला कुणीतरी खिदळलं. मग तिनं पुढची ओळ उचलली, पण आवाज बारीक झाला होता.

ती जागा गाण्यात पुन्हा येते. ती यायच्या आत मी पिना काढून मुठीत धरल्या आणि आली तसं म्हणाले. आवाज भसाडा निघाला. शेजारच्या बाया बाजूला सरकून माझ्याकडं बघायला लागल्या. मी खाली फरशीकडं बघत शेवटपर्यंत म्हणाले. गाण्यातली गोष्ट आम्हां दोघींशिवाय तिथं कुणालाच माहीत नव्हती, तरी मुली रडायला लागल्या. गाणं संपलं तशा एकमेकींच्या गळ्यात पडल्या. माझी मुलगी त्यांच्या मधोमध होती, तिचा फक्त निळा पदर दिसत होता. मीही रडत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "तुमची कोणची हो?" मी त्या घोळक्याकडं हात केला.

घोळका फाटकापर्यंत तसाच गेला. मी मागून चालत होते, तिची बाटली आणि रोजचे कपडे पिशवीत घेऊन. फाटकाशी ती पळत माझ्याकडं आली. डोळे सुजलेले, तोंड हसरं.

"अव्वा, आम्ही फोटो काढायला चाललाव. तू हो पुढं."

"पदर सांभाळ," मी म्हणाले.

ती गेली. त्या सगळ्याजणी स्टुडिओच्या रस्त्याला लागल्या, मोठमोठ्यानं बोलत. मी घरच्या रस्त्याला लागले. दुपार होती, दुकानं अर्धी बंद होती. चौकातून जाताना कुणी ओळखीचं भेटलं नाही, त्याचं बरं वाटलं. घरी येऊन कुलूप काढलं, पिशवी खुंटीला लावली आणि बराच वेळ दार उघडंच ठेवून बसले.