बोदलकसाला, मावशीचा फोटो काढायला

२००९ च्या जानेवारीत आम्ही बोदलकसाला गेलो. लोक तिथं तलाव बघायला जातात, मला तिथं राहणाऱ्या शेवंतामावशीचा एक धड फोटो काढायचा होता.

आदल्या उन्हाळ्यात कामठ्याला माझ्या भावाचं लग्न झालं. त्यासाठी मी हौसेनं खिशात मावेल एवढा डिजिटल कॅमेरा घेतला होता. बटण दाबायचं की फोटो, एवढंच मला ठाऊक. आमच्याकडच्या बौद्ध लग्नात नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत, मांडव पांढरा, मावशीचं पातळही पांढरं. घरी टीव्हीला वायर जोडून फोटो लावले, तर मावशीच्या पातळावर चेहराच नव्हता, नुसता काळा डाग. कोणीतरी म्हणालं, "मावशी कुठी आहे? पातळच उभं दिसून राहिलं." सगळे हसले. मावशीही हसली. पण पुढं नात्यातल्या एका बाळाच्या नामकरणाला मी कॅमेरा काढला, तशी ती पदर ओढून स्वयंपाकघरात निघून गेली. "माहा फोटो निघतच नाही बाई. निस्ता कारा डाग येते."

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर सूक्ष्मदर्शक नीट लावणाऱ्या बाईला खिशातला कॅमेरा लावता येऊ नये, याची मला लाज वाटली. मी खोक्यातली माहितीपुस्तिका काढली, पर्समध्ये टाकली आणि नवऱ्याला, मिलिंदला, म्हटलं, शनिवार-रविवार मावशीकडे जाऊ.

सकाळी सातला गोंदियाजवळच्या आमच्या फुलचूरहून मोटारसायकलवर निघालो. धुकं एवढं की हातमोजे ओले झाले. तिरोड्यापर्यंतचा रस्ता चांगला आहे, पुढं बोदलकसाकडे वळल्यावर जंगल लागतं आणि खड्डेही. थंडीत जाणार असाल तर मफलर विसरू नका. तिरोड्यात तर्री-पोहे खाल्ले. दोघांचं चहासकट तीस रुपयांत भागलं. तिथंच पहिला धडा झाला. बटण एकदम दाबायचं नाही, आधी अर्धं दाबायचं, हिरवी चौकट आली की पूर्ण. जवळच्या वस्तूला फुलाचं चिन्ह. पोह्यावरचा शेवेचा एकेक तुकडा स्पष्ट आला.

हॉटेलवाला वाकून बघत म्हणाला, "मॅडम, पोहे का फोटो? खाना नहीं है क्या?"

"खाएँगे. पहले सीखने दो," मी म्हटलं.

दुपारी बोदलकसाला पोचलो. तिन्ही बाजूंनी टेकड्या आणि मधे पार त्यांच्या पायथ्यापर्यंत पाणी. राहायचं असेल तर काठावर विश्रामगृह आहे, पण आधी चौकशी करून जा. आम्ही मावशीकडेच उतरलो. तिनं तलावातल्या मासोळीचा झणझणीत रस्सा आणि नव्या तांदळाचा भात वाढला. संध्याकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन मी उरलेलं शिकले. अंधारून आल्यावर हात हलतो, म्हणून कॅमेरा दगडावर ठेवायचा आणि दोन सेकंदांचा टायमर लावायचा. आयएसओ नावाचा आकडा वाढवला तर उजेड वाढतो, पण चित्रावर रवा सांडल्यासारखे दाणे येतात. काठाच्या होड्यांचे फोटो सुरेख आले. मावशीला दाखवले. तिनं बघितले, छान म्हणाली आणि उठून गेली.

रविवारी सकाळी मी अंगणात दोरीवर माझी पांढरी ओढणी टाकली आणि तिच्यापुढं स्टुलावर मावशीचा काजळी धरलेला तवा उभा केला. पहिला फोटो लग्नातल्यासारखाच आला, नुसतं काळं भोक. पुस्तिकेत अधिक-उण्याचं चिन्ह होतं. ते एक घर अधिककडे सरकवलं. तव्याची कड दिसली. आणखी एक घर. मग काजळीचे पापुद्रे दिसले, घासणीचे ओरखडे दिसले. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं.

मावशी दारात उभी होती. "तव्याचे फोटू काऊन काढून राहिली वं?"

मी तिला दोन्ही फोटो शेजारी दाखवले. "खूप पांढरं दिसलं की याला वाटतं उजेड जास्त झाला. मग हा सगळंच काळं करतो. आपल्याला सांगावं लागतं, अधिक उजेड घे म्हणून."

तिनं स्टुलावरच्या तव्याकडे पाहिलं, मग पुन्हा फोटोकडे. "म्हंजे तवा कारा आहे म्हनून नाही?"

"नाही मावशी. कॅमेरा मला वापरता येत नव्हता. लग्नातली चूक माझी होती."

ती आत गेली. मला वाटलं, दुखावली. मिलिंद म्हणाला, थांब जरा. दहा मिनिटांनी ती बाहेर आली, ते लग्नातलंच पांढरं पातळ नेसून.

तिला तलावाकडे पाठ करून उभं केलं. मागून ऊन येत होतं, म्हणून विजेचं चिन्ह लावून फ्लॅश सक्तीनं चालू केला. उजेड दोन घरं अधिक. अर्धं बटण, चौकट तिच्या चेहऱ्यावर, मग पूर्ण. एकच फोटो काढला. कपाळावरचं गोंदण, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, ओठांच्या कोपऱ्यातलं हसू, सगळं आलं होतं. मावशीनं कॅमेरा दोन्ही हातांत धरला.

"मी त माह्या मायसारखी दिसून राहिली," ती म्हणाली. तिच्या आईचा फोटो कुणाकडेच नव्हता.

सोमवारी गोंदियात मोठी प्रत काढायला दिली. स्टुडिओवाला पडद्यावर बघत म्हणाला, "भाभीजी, चेहरा थोडा गोरा कर दूँ?"

"नहीं. जैसा है, वैसाच निकालो."

फोटो चौकटीत बसवून मावशीकडे पोचवला. ती पुस्तिका मला आता लागत नाही, बटणं बोटांना पाठ झालीत. तलाव, धुकं, रस्सा, सगळं आठवतं. पण त्या दोन दिवसांतून खरं काय उरलं ते मे महिन्यात कळलं. नात्यातल्या एका लग्नात मी कॅमेरा काढला आणि मागच्या रांगेतली मावशी बायांना बाजूला सारत थेट पुढं आली. पदर मागं घेतला, मान ताठ केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"अधिक केलं का वं?"