सिस्टरांच्या तारखा

सिस्टरांकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते त्यांनी माझी चूक काढली तेव्हा. शाळेत पहिलीचे प्रवेश चालू होते. भाचीचं नाव घालायला आलेल्या या बाई खुर्चीत बसायच्या आधीच माझ्या रजिस्टरात डोकावल्या आणि भलत्याच मुलीच्या नावावर बोट ठेवून म्हणाल्या, "मास्तर, ही दोन दिवस आधीची. मंगळवारची. मीच होते तिथे." मी दाखला काढून पाहिला. मंगळवारच होता.

गावातल्या प्रसूतिगृहात त्यांनी अडतीस वर्षं नोकरी केली. लग्न केलं नाही. हाताखालून गेलेल्या प्रत्येक मुलाची तारीख, वेळ आणि वजन त्यांना तोंडपाठ. पण रस्त्यात कुणी दुसरीच्या बाळंतपणाची चौकशी केली, की बाई एकदम ठार बहिऱ्या. एकीचा केसपेपर दुसरीला दिसता कामा नये, हा त्यांचा नियम.

निवृत्तीनंतर, तोवर कमावत्या झालेल्या त्याच भाचीने त्यांना फोन घेऊन दिला, सोशल मीडियावर खातंही उघडून दिलं. तिथे एकेक मूल सापडू लागलं. कुणाला टक्कल पडलेलं, कुणी आजी झालेली. सिस्टर हरखून गेल्या. रोज सकाळी, ज्याचा वाढदिवस असेल त्याच्यासाठी त्या सगळ्यांना दिसेल असा मजकूर लिहीत: तारीख, साल, वेळ, वजन, आईचं माहेरचं आडनाव, आणि शेवटी एखादी आठवण. "रडेना, म्हणून पाठीत दोन धपाटे घातले होते." लोक खूश होत. मीही वाचून हसायचो. त्यात काही धोका असेल हे माझ्याही डोक्यात आलं नाही.

मग कोपऱ्यावरच्या बेकरीवालीचं खातं कुणीतरी बळकावलं. तिचा पासवर्ड म्हणजे तिची जन्मतारीख, आणि ओळख पटवायला ठेवलेला प्रश्न आईच्या माहेरच्या आडनावाचा. दोन्ही उत्तरं सिस्टरांच्या शुभेच्छेत होती. त्या खात्यात तिच्या आईचे फोटो होते आणि आवाज होता. आई जाऊन सात महिने झाले होते. तो आवाज दुसरीकडे कुठेही नव्हता.

सिस्टर माझ्या घरी आल्या त्या चष्मा विसरून. "अडतीस वर्षं कुणाचा कागद कुणाला दाखवला नाही, मास्तर," त्या म्हणाल्या, "आणि म्हातारपणी प्रेमापोटी सगळे चव्हाट्यावर मांडले."

दुपारी भट्टी बंद असताना आम्ही तिघं बेकरीत बसून तक्रारीचा अर्ज भरला. कंपनीने पुरावे मागितले, ते पाठवले. पुढचे नऊ दिवस सिस्टर रोज जाऊन पिठाच्या पोत्यांशेजारी स्टुलावर बसत. पुढे ठेवलेलं बिस्किट तसंच राही. बेकरीवालीच त्यांची समजूत घाली, की मावशी, पासवर्ड सोपा मीच ठेवला होता.

"तुझं वजनसुद्धा सांगून बसले गं. सव्वातीन किलो," सिस्टर म्हणाल्या. "आता चोरालाही माहीत."

"तेव्हाचंच ना? आत्ताचं तेवढं लिहू नका."

त्या दिवशी सिस्टरांनी अर्धं बिस्किट खाल्लं.

दहाव्या दिवशी खातं परत मिळालं. बेकरीवालीने पहिलाच आवाज लावला. तिची आई तव्यावरून कुणालातरी रागावत होती. ते सगळं रागावणं आम्ही उभ्यानेच ऐकलं.

मग मी दोघींना बसवून शिकवलं. पासवर्ड लांब हवा, आपल्या माहितीतून ओळखता येईल असा नको, प्रत्येक खात्याला वेगळा. फोनवर येणारा कोड कुणालाही सांगायचा नाही, मागणारा बँकेचा माणूस म्हणवत असला तरी. बेकरीवालीने वेगळा कशाला म्हणून विचारलं. उत्तर सिस्टरांनीच दिलं, "एकाची सुई दुसऱ्याला वापरतात का?" एवढं सोपं मला शाळेतही कधी जमलं नव्हतं.

जुन्या शुभेच्छा त्यांनी स्वतः पुसल्या. चारशे सोळा होत्या. प्रत्येक आधी मोठ्याने वाचायची आणि मग पुसायची, असं करत अकरा दुपारी गेल्या.

आता त्या सकाळी सात वाजता ज्याचा वाढदिवस त्याला फोन करतात. आधी विचारतात, "पासवर्डात आजची तारीख नाही ना?" नाही म्हटल्यावर शुभेच्छा देतात. ज्या दिवशी कुणाचाच वाढदिवस नसतो, त्या दिवशी सातला माझा फोन वाजतो.